बाळ येण्याआधी घराचं काम काढलंय?
आधी तोडफोड आणि घासकाम उरका, फर्निचर थांबेल. रंगातल्या शिसं या विषारी धातूवर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्यामुळे दारं-खिडक्या, ग्रिल यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा. घासकाम संपून फरशी ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत होणाऱ्या आईने माहेरी राहावं. ‘आतल्या खोलीत दार लावून बसते’ याला काही अर्थ नाही, धूळ फटीतून येतेच. नवरा फिरतीवर असेल तर ठेकेदाराचे हप्ते तारखेवर ठरवू नका, कामावर ठरवा. बाथरूममध्ये 24 तास पाणी तुंबवून ठेवायचं, खालच्यांच्या छताला ओल आली नाही असा फोटो शेजाऱ्यांकडून आला की मगच पुढचे पैसे. आणि डोहाळजेवण खुशाल बाहेर हॉलवर करा.