फिरोज्याचे कानातले घरीच करायचेत? मग हे वाचा

आधी दगडाचं बघू. मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात निळ्या मण्यांची माळ मागितली की "फिरोजा आहे, एकदम ओरिजिनल" म्हणून जे हातात ठेवतात ते बऱ्याचदा रंगवलेलं हाऊलाईट असतं, म्हणजे मूळचा पांढरा दगड, काळपट रेघा असलेला, निळ्या रंगात बुडवलेला. दिसतं झकास, घ्यायलाही हरकत नाही, फक्त भाव हाऊलाईटचाच द्या. घरी आणल्यावर कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर घेऊन एका मण्याच्या भोकाजवळ घासा, बोळा निळा झाला तर रंग दिलाय हे नक्की. नाही झाला म्हणजे खराच असं मात्र समजू नका, पक्के रंगही असतात.

मणी 8 मिमीचे घ्या, रोजच्या वापराला कानाला जड होत नाहीत. बाकी सामान म्हणजे 22 गेजच्या, साधारण 2 इंची हेडपिन, म्हणजे एका टोकाला चपटं डोकं असलेली तार (20 गेजची पिन जाड असते, बारीक भोकातून जातच नाही कधीकधी), कानातले हूक, राउंड नोज म्हणजे गोल तोंडाची पक्कड, एक चपट्या तोंडाची पक्कड आणि कटर. पैसे वाचवायचेच असतील तर मण्यात वाचवा, हुकात नाही, स्वस्त हुकात निकेल असतं आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांचे कान खाजून लाल होतात. 92.5 चांदीचे हूक घेतलेले बरे.

आता पिनमध्ये आधी एक बारीक सोनेरी मणी, मग फिरोजा, वर परत बारीक मणी. मण्याच्या वर 2 मिमी तार सरळ सोडायची, ही मान, आणि तिथून तार काटकोनात वाकवायची. मग राउंड नोजने वाकवलेल्या जागी पकडून तार वरून फिरवून गोल कडी करायची. पक्कड टोकाला निमुळती असते, जरा मागेपुढे धरली की कडी लहानमोठी होते, म्हणून पकडीवर मार्करने खूण करा, नाहीतर एक कानातलं वर आणि एक खाली लोंबतं. आणि हुक आत्ताच कडीत अडकवायचा, नंतर जागा राहत नाही!! मग कडी चपट्या पकडीने धरून उरलेली तार मानेवर दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा, उरलेली कापा, टोक आत दाबा. बोट फिरवून बघा, टोचत असेल तर अजून दाबा, केसात अडकतं ते.

वेढे न देता नुसती कडी बंद करूनही चालतं असं बरेच व्हिडिओ सांगतात, पण सकाळी 8:40 च्या विरार फास्टमध्ये कुणाची तरी ओढणी अडकली की ती कडी उघडते आणि मणी गेला प्लॅटफॉर्मवर. वेढे द्याच, आणि हुकाच्या मागे रबरी स्टॉपरही लावा.

दोन्ही कानातले एकदम करत चला, एका पायरीला दोन्ही, म्हणजे मापं जुळतात.

खरा फिरोजा सच्छिद्र असतो, तेल, घाम, परफ्युम शोषून हळूहळू हिरवट पडतो, त्यामुळे परफ्युम आधी, कानातले नंतर. धुवायचे नाहीत, कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत चांदीही काळी पडते, तेव्हा झिपवाल्या छोट्या पाकिटात हवा काढून ठेवा, प्रत्येक जोडी वेगळी.