मन साफ आहे, मग पद्धत कशाला? इबादतीतल्या (उपासनेतल्या) या चुका टाळा

"अल्लाह मन बघतो, बाकी चालतंय." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बऱ्याच जणांनी म्हटलंयही. याच्या उलट अशीही नमाज असते, जिथे हात-पाय सगळे नियमात असतात, पण सलाम फिरवल्यावर (नमाज संपवल्यावर) कुराणाची कोणती सूरह (अध्याय) पढली तेच आठवत नाही. या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

सूरह मुल्कच्या दुसऱ्या आयतीत सांगितलंय की मृत्यू आणि जीवन यासाठी निर्माण केलं, की तुमच्यापैकी कोणाचं कर्म उत्तम ते पारखावं. जास्त नव्हे, उत्तम. सुरुवातीच्या काळातले विद्वान फुजैल बिन इयाज (रह.) यांनी उत्तमचा अर्थ सांगितला: सर्वांत खालिस आणि सर्वांत दुरुस्त. खालिस म्हणजे फक्त अल्लाहसाठी, दुरुस्त म्हणजे सुन्नतप्रमाणे, पैगंबरांनी (स.) दाखवलेल्या पद्धतीने. यातलं एक जरी नसलं तरी अमल (कर्म) कबूल होत नाही.

घाईची नमाज

माझ्या मते सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. मशिदीत एक माणूस आला, नमाज पढला आणि पैगंबरांना (स.) सलाम करायला गेला. सलामाचं उत्तर देऊन ते म्हणाले, "परत जा आणि नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस." असं तीन वेळा झालं. शेवटी तो म्हणाला, "मला याहून चांगली येत नाही, शिकवा." मग त्याला शिकवलं: रुकूत (कमरेत वाकल्यावर) शरीर स्थिर होऊ दे, मग सरळ उभा राहा, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकल्यावर) स्थिर हो, बसताना स्थिर हो.

त्या माणसाच्या नियतीबद्दल (हेतूबद्दल) इथे एक शब्दही नाही. तीनदा निमूटपणे परत जाणाऱ्याची नियत काय वाईट असणार! उणीव होती ती फक्त स्थिर होण्याची. आपली नमाज तपासायची असेल तर रुकूतून उठल्यानंतरचा क्षण बघा. पाठ पुरती सरळ होण्याआधीच गुडघे वाकायला लागतात का? दोन सजद्यांच्या मध्ये नीट बसणं होतं, की नुसतं डोकं वर-खाली?

कोरडी टाच आणि वाहता नळ

एका प्रवासात असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) वेळ निघून चालली होती. सहाबा (पैगंबरांचे साथीदार) घाईघाईने वुजू (नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं) करत होते, पायांवरून नुसता ओला हात फिरवत होते. पैगंबरांनी (स.) मोठ्याने बजावलं की अशा टाचांसाठी आगीचा विनाश आहे. नमाजेची ओढ होती, तरी कोरडी टाच चालली नाही.

दुसरं टोक वसवश्याचं, म्हणजे मनातल्या सततच्या शंकेचं. चौथ्यांदा, पाचव्यांदा हात धुवायचे आणि तरी वाटायचं, झाला का वुजू? पैगंबर (स.) एका मुदमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आतच, वुजू करत. तीनदा धुतलं की थांबा. वुजू तुटल्याची नुसती शंका असेल तर तो तुटलेला नाही.

"जास्त केलं तर बिघडलं काय?"

मदिनेचे विद्वान सईद बिन मुसय्यब (रह.) यांनी एकाला पहाट फुटल्यावर दोन रकातींपेक्षा (रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन) जास्त नमाज पढताना पाहून रोखलं. त्याने विचारलं, "नमाज पढल्याबद्दल अल्लाह मला शिक्षा देईल?" उत्तर आलं, "नमाजेबद्दल नाही, सुन्नत सोडल्याबद्दल."

मात्र याचा अर्थ शेजाऱ्याचे हात तपासत बसा असा नव्हे. नमाजेत उभं असताना हनफी नाभीखाली हात बांधतात, शाफई नाभीच्या वर, बरेच मालिकी सोडून उभे राहतात; हे सगळे फिकहचे (इस्लामी धर्मनियमांचे) पंथ. प्रत्येकाकडे इमामांचा आधार आहे. या मुद्द्यावर जमातीत (सामूहिक नमाजेत) भांडणं होतात, त्याचं फार वाईट वाटतं.

कुणीतरी बघतंय

एकट्याने पढत असताना ओळखीचं कुणी आत येतं आणि सजदा आपोआप लांबतो. हे माझ्याही बाबतीत झालंय. हाच रिया, म्हणजे दिखावा. अशा वेळी नमाज जेवढी पढणार होतात तेवढीच पढा. दिखाव्याच्या भीतीने नमाज सोडूनही देऊ नका, कारण लोकांसाठी अमल सोडणं हाही रियाच, असं फुजैल (रह.) म्हणतात. काही नफिल (ऐच्छिक नमाज), काही सदका (दान) असा ठेवा की घरच्यांनाही कळू नये.

रकात विसरलात तर

तीन झाल्या की चार, ठरतच नसेल तर तीन धरा, उरलेली रकात पुरी करा आणि सहूचे (विसरल्याबद्दलचे) दोन सजदे करा. ते सलामाआधी की नंतर, हे आपापल्या फिकहप्रमाणे. मन उडालं म्हणून खजील होऊन अर्ध्यावर नमाज तोडू नका. एकदा चार रकातींच्या नमाजेत खुद्द पैगंबरांनीच (स.) दोन रकातींवर सलाम फिरवला. जुल-यदैन नावाच्या सहाबीने विचारलं, "नमाज कमी झाली, की आपण विसरलात?" त्यांनी लोकांना विचारून खात्री केली, राहिलेल्या दोन रकाती पढवल्या आणि दोन सजदे केले.