झाडाभोवतीचे कुंपण किती अंतरावर घालावे?

बांधकाम परवानगीत झाड राखण्याची अट असली, तरी अंतराचा हिशेब न झाल्याने कुंपण बहुधा खोडाला चिकटूनच उभे राहते. त्यासाठी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजावा, त्याची चौपट करावी आणि खोडापासून निदान तेवढ्या अंतरावर, यंत्रे येण्यापूर्वीच, पक्के कुंपण घालावे, घेर १.५ मीटर भरला तर अंतर ६ मीटर येते. टेप स्पष्ट दिसेल असे फोटो तारखेसह जपावेत, कारण पुढे कुंपण आत सरकवले गेले तर तक्रारीत तोच पुरावा टिकतो.

कुंपणाच्या आत खडी, सिमेंटची पोती किंवा उपसलेली माती एक दिवसही ठेवू देऊ नये. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात आणि माती दबली की ती गुदमरतात.