गेटजवळचं डांबर दर पावसाळ्यात उखडतंय? कोल्हापुरात हे काम करून घेताना

लक्षण: गेटच्या उतारावर त्याच जागी खड्डा, कडा सुटलेल्या, आत चिखल. मुरूम भरला, पोत्यातलं कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचं डांबर-खडीचं मिश्रण) ओतलं, वरून पातळ थरही दिला. कोल्हापूरच्या पावसापुढे काही टिकलं नाही. वैताग आला होता.

मूळ दुखणं खाली मुरलेलं पाणी. ठेकेदाराकडून याच क्रमाने काम करून घेतलं: खड्ड्याभोवती घट्ट डांबर लागेपर्यंत कटरने चौकोनी, उभ्या कडा कापल्या. ओली माती कडक थरापर्यंत उपसली. खडी-मुरूम 100 मिमीच्या थरांत, किंचित ओलसर करून कॉम्पॅक्टरने दाबला. पाया सुकल्यावर तळाला आणि उभ्या कडांनाही इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, थर चिकटण्यासाठी) लावलं. ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचं. कडा कोरड्या राहिल्या तर सांधा तिथेच उघडतो. मग ताडपत्रीने झाकून आणलेला हॉट मिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा माल. व्हीजी-30 (डांबराची एक प्रत) डांबराचा माल टाकताना 140 अंशांच्या खाली नको, 90 च्या आत घसरण्याआधी रोलिंग संपवा. रोलर कडेकडून मधे.

कोटेशनमध्ये डांबरी थराची जाडी ‘दाबल्यानंतर 50 मिमी’ असंच लिहून घ्या. सैल माल साधारण 65 मिमी लागतो. पाणी गटारीकडे जाईल असा मीटरला 2 सेंमी उतारही त्यातच लिहा. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवा.