मुंबईत हॉटेलऐवजी वस्तीत राहताय? या चुका टाळा

परीक्षा, व्हिसाची मुलाखत, दवाखाना, लग्न. मुंबईत चार दिवसांचं काम निघालं की हल्ली बरेच जण लॉजऐवजी दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड अशा वस्तीतली घरगुती खोली बघतात. बेत चांगलाच आहे. फसगत होते ती खोली निवडताना. नकाशावरच्या किलोमीटरवर या शहरात भरवसा ठेवू नका, अंतर मोजायचं ते लोकलच्या लाइनवर.

किलोमीटर बघून खोली घेणं

काम अंधेरीत आणि खोली मुलुंडला मिळतेय. नकाशावर फार लांब वाटत नाही. पण मुलुंड मध्य रेल्वेवर आणि अंधेरी पश्चिम रेल्वेवर. दादरला जाऊन गाडी बदलायची तर मोठा वळसा पडतो. रस्त्याने निघालात तर सकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अडकता. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो १ ने अंधेरी. तेही रोज करायचं असेल तर थोडं जास्त भाडं देऊन पार्ले किंवा गोरेगाव गाठलेलं परवडतं. कामं दोन्ही लाइनींवर असतील तर दादरसारखी जागा नाही: मध्य आणि पश्चिम दोन्ही तिथे भेटतात, आणि २०२५ पासून मेट्रो ३ ने वांद्रे-कुर्ला संकुल किंवा कफ परेडला थेट जाता येतं.

नावांनी फसू नका. मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेवरचं स्टेशन आहे. माटुंगा मध्यवर, तर माटुंगा रोड पश्चिमेवर. वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्र्याचं लोकल स्टेशन नव्हे. बाहेरगावची गाडी तिथे आली तर पादचारी पुलाने खार रोडला निघता येतं. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसपासून कुर्ल्यापेक्षा हार्बर लाइनचं टिळक नगर स्टेशन जवळ पडतं.

पूर्व-पश्चिम न विचारणं

जाहिरातीत नुसतं ‘दादर स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिलेलं असतं. शिवाजी पार्क, रानडे रोड पश्चिमेला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी पूर्वेला. चुकीच्या बाजूला उतरलात तर बॅगा घेऊन पुन्हा पूल चढायचा. सोपा उपाय म्हणजे मालकाकडून पिनकोड मागून घ्या. दादर पश्चिम ४०००२८, पूर्व ४०००१४. विलेपार्ले पूर्व ४०००५७, पश्चिम ४०००५६. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. नुसतं ‘शिवाजी नगर’ किंवा ‘एम. जी. रोड’ टाकून टॅक्सीत बसू नका, मुंबईत ते एकाहून जास्त आहेत. लिंकिंग रोड वांद्रे-खार-सांताक्रूझचा, न्यू लिंक रोड अंधेरीच्या पुढे दहिसरकडे जाणारा; ही गल्लत तर रोजची.

दादर, परळ, गिरगावात रिक्षा शोधत उभे राहू नका. रिक्षा उपनगरातच चालते, म्हणजे वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढे. शहरात काळी-पिवळी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ आणि रिक्षाचे २६ रुपये. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त.

लाइट बिल न बघता पैसे पाठवणं

फोटो छान, भाडं कमी, ‘आत्ता डिपॉझिट टाका, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई. थांबा. मालकाकडे अलीकडचं लाइट बिल मागा. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव जुळतंय का, हे आधी बघा. मग वीज कोणाची ते बघा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. पत्ता दादरचा सांगितला आणि बिल महावितरणचं निघालं, तर तिथेच विषय संपला. व्हिडिओ कॉलवर दार उघडून जिना आणि सोसायटीची पाटी दाखवायला सांगा. खरा मालक ते दोन मिनिटांत करतो. तरीही पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सोसायटीची परवानगी हा आणखी एक अडथळा. पुष्कळ सोसायट्यांना चार दिवसांचे भाडेकरू चालत नाहीत, आणि रात्री अकराला वॉचमन गेटवर अडवतो तेव्हा मालक फोन उचलत नाही. तुमची नावं गेटवर आधीच कळवली आहेत ना, हे निघण्यापूर्वी पक्कं करा. प्रत्येकाचं ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवा.

पाणी, जिना आणि वेळ

जुन्या इमारतीत पाणी ठरावीक तासांनाच येतं. ‘पाणी आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘आहे’ असंच येणार. किती वाजता येतं, टाकी आहे का, संडास घरात आहे की चाळीत सामाईक, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, असं एकेक विचारा. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर लिफ्ट नसलेला तिसरा मजला घेऊच नका.

रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे पाचला सोडते आणि खोली मिळते दुपारी बाराला. सामान आधी ठेवू देतील का, हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत असेल तर त्या सकाळी खोली सोडू नका. फोन आत नेता येत नाही आणि तिथे तो ठेवायची सोयही नाही; फोन आणि बॅग खोलीवरच राहू द्या.

टाटा रुग्णालयासाठी येणाऱ्यांनी खासगी खोलीचा आगाऊ महिना भरण्याआधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात विचारावं. दादर पूर्वेला रुग्णांसाठी गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कागदपत्रांच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ असू द्या.

तारीख न बघणं

रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो. परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्या आठवड्यात दादर पश्चिमेची खोली फार आधी धरावी लागते. अनंत चतुर्दशीला गिरगावात गाडी दारापर्यंत येत नाही, शेवटचा टप्पा चालायची तयारी ठेवा. पावसाळ्यात भरतीच्या वेळीच मुसळधार आला तर हिंदमाता आणि गांधी मार्केटकडे पाणी साचतं. तिकडची खोली असेल तर त्या दिवसाची भरतीची वेळ सकाळीच बघा आणि तिच्या दोन तास आधी बाहेर पडा.