फोन खाली ठेवला, तरी चॅनल सुटेना: टेलिफोन-रेडिओ इंटरफेस बसवणाऱ्या नवख्यांसाठी

रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात अंतर्गत टेलिफोन आणि वॉकीटॉकी यांना जोडणारे यंत्र बसवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा डिप्लोमा होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि रेडिओतले बरेचसे आपल्याला येते अशी माझी समजूत होती. कंट्रोल रूममधून एका एक्स्टेंशनचा नंबर लावला की टाकीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलता यावे, एवढीच मागणी होती. तारा एका दुपारी जोडून झाल्या. यंत्र भरवशाने चालू लागायला मात्र तीन आठवडे गेले, आणि त्यातले दोन एकाच चुकीने खाल्ले.

त्या चुकीकडे वळण्यापूर्वी परवान्याविषयी दोन शब्द. डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाकडून, मिळालेल्या परवान्याच्या अटी स्वतः वाचाव्यात, कुणी तोंडी सांगितल्या म्हणून धरून चालू नये. आमच्या परवान्यात बाहेरच्या सार्वजनिक लाइनला जोडण्याची मुभा नव्हती, म्हणून ईपीएबीएक्सचे, म्हणजे कारखान्याच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचे, एकच एक्स्टेंशन घेऊन त्याला बाहेरची लाइन मिळणारच नाही, असे एक्स्चेंजमध्येच प्रोग्रॅम करून घेतले. ‘सगळेच जोडतात’ असे सांगणारा ठेकेदार तुम्हालाही भेटेल. परवान्यावर नाव त्याचे नसते, हे लक्षात ठेवावे.

जोडणी तुम्हाला माहीत असेल असे धरते: रेडिओकडून येणारा आवाज, रेडिओकडे जाणारा आवाज, पीटीटी (ट्रान्समीटर चालू करणारी तार; वॉकीटॉकीवर बोलताना दाबायचे बटण हेच काम करते), सीओआर आणि ग्राउंड. यातील सीओआरची तार, म्हणजे समोरून कुणी बोलत असल्याची खूण देणारी तार, सिग्नल आल्यावर शून्य व्होल्टवर जाते की पाच व्होल्टवर, हे मल्टीमीटर लावूनच ठरवावे. ते उलटे प्रोग्रॅम झाले, तर कुणीच बोलत नसताना यंत्राला कुणीतरी बोलत असल्याचे वाटत राहते. हे दहा मिनिटांत सापडते, त्यामुळे त्याची धास्ती नको. एक्स्टेंशनच्या तारांची जोडी क्रोनवर, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या पट्टीवर, बसवताना कुणी त्या नंबरला फोन लावणार नाही एवढे मात्र पाहावे. रिंगच्या वेळी त्या तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो आणि तो चांगलाच झटका देतो.

आता मूळ गोष्ट. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते, वॉकीटॉकीवर येत नाही. फोनवरच्या माणसाकडे पीटीटीचे बटण नसते, म्हणून त्याचा आवाज ऐकून यंत्रच ट्रान्समीटर चालू करते आणि तो थांबला की बंद करते. यालाच व्हॉक्स म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांच्या कार्टरफोनमध्ये, ज्यावर अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९६८ मध्ये प्रसिद्ध निर्णय दिला, फोनवरचा माणूस बोलू लागला की ट्रान्समीटर आपोआप चालू होत असे. पण व्हॉक्सला माणसाचा आवाज कळत नाही, फक्त आवाज कळतो. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले होते, आणि तरीही फसले.

संभाषण संपवून कंट्रोल रूमने फोन खाली ठेवला की एक्स्चेंज आपल्या यंत्राला बिझी टोन देते. आमच्या यंत्राची मूळ मांडणी अमेरिकी लाइनसाठी होती. पलीकडचा फोन खाली ठेवला गेला की लाइनचा प्रवाह क्षणभर तुटेल, किंवा ४८० आणि ६२० हर्ट्झ यांचा मिळून झालेला, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद असा बिझी टोन येईल, याची ते वाट पाहत होते. आमच्या एक्स्चेंजकडून प्रवाह तुटत नव्हता आणि टोन होता आपल्याकडचा: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. यंत्राला तो टोन बिझी वाटेना, पण व्हॉक्सला तो आवाज वाटला, आणि ट्रान्समीटर चालू झाला. बोलणाऱ्याचे शब्द मध्येच तुटू नयेत म्हणून व्हॉक्सचा सुटण्याचा अवधी मी मोठ्या हौसेने सव्वा सेकंद ठेवला होता, त्यामुळे टोनमधल्या पाऊण सेकंदाच्या शांततेतही ट्रान्समीटर सुटेना. ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हर बहिरा असतो. म्हणजे मैदानातील कुणी वॉकीटॉकीवरचे हॅशचे (#) बटण दाबून कॉल तोडू म्हटले, तरी ते ऐकायला यंत्र मोकळेच नव्हते.

रात्रपाळीचा सुरक्षारक्षक मला उठवायला आला तेव्हा एवढेच म्हणाला, “मॅडम, सगळ्या सेटमधून नुसते टूं-टूं येतेय, कुणाशीच बोलता येईना.” चाळीस मिनिटे कारखान्याचा तो चॅनल अडला होता. मी पळत जाऊन फ्यूज काढला तेव्हा बेस सेटची, म्हणजे यंत्राला जोडलेल्या रेडिओची, हीटसिंक इतकी तापली होती की तिला हात लावता येत नव्हता. त्या वेळात काही दुर्घटना घडली नाही, यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

शेवटचा अडसर म्हणून टायमर असतात, ते कुठे गेले होते? यंत्रातील कॉलच्या कमाल वेळेच्या जागी मी शून्य भरले होते, शून्य म्हणजे सर्वांत कमी असे समजून. त्या यंत्रात शून्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होता. बेस सेटचा स्वतःचा टाइमआउट टायमर माझ्याआधीच कुणीतरी बंद केला होता, कारण लांबलचक घोषणा मध्येच तुटत असत. अशा तीन-चार साध्या गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्या.

म्हणून काम या क्रमाने करावे. आपल्या एक्स्चेंजचा बिझी टोन मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याची वारंवारता आणि लय मोजावी; खासगी एक्स्चेंजमध्ये टोन बदलता येतात, त्यामुळे माझे आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. मोजलेले आकडे यंत्रात भरावेत आणि टोनची चार आवर्तने ऐकल्यावर लाइन सोडावी असे सांगावे. व्हॉक्सचा अवधी टोनमधल्या शांततेपेक्षा कमी ठेवावा. मी अर्धा सेकंद ठेवते, म्हणजे ओळख चुकली तरी मधल्या पाव सेकंदात रिसीव्हर कान उघडतो. वाक्यांत थोडी तूट जाणवते, ती सोसावी. कॉलला तीन मिनिटे, सलग ट्रान्समिशनला तीस सेकंद, आणि बेस सेटचा टायमर चालू. मग दहा वेळा कॉल करून दहाही वेळा आधी फोनवाल्याने फोन ठेवावा. आम्ही चाचणी करताना नेहमी वॉकीटॉकीवरून हॅश दाबून कॉल संपवत होतो, आणि म्हणूनच दोन आठवडे दोष आमच्यासमोर आला नाही.

माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांचा सल्ला होता की दुसऱ्या साइटचे प्रोग्रॅमिंग जसेच्या तसे उतरवावे. असा सल्ला देणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्याकडून हे काम शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मला खरे शिकवले ते एक्स्चेंज सांभाळणाऱ्या निवृत्तीला आलेल्या लाइनमनकाकांनी, त्यांनी बट-टेलिफोन (लाइन तपासण्याचा हातातला फोन) लावून मला टोन ऐकवला आणि एवढेच विचारले, “हा तुझ्या यंत्राला ऐकवलास का?” प्रोग्रॅमिंगचे कोड दहाएक असतात आणि ते अवघड नाहीत. प्रत्येक कोड भरल्यावर होकाराचा बीप ऐकून कागदावर खूण केली, तर पहिल्याच वर्षी तुम्ही हे निर्धास्त कराल.

आवाजाच्या पातळ्या मात्र शेवटी हाताळाव्यात. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे रेडिओची वारंवारता जितकी सरकते ते अंतर, कमाल २.५ किलोहर्ट्झ असते. त्यापुढे फोनचा आवाज ढकलला तर तो मोठा न होता फाटतो. हायब्रिडचा, म्हणजे टेलिफोनच्या दोन तारांवरचा येणारा आणि जाणारा आवाज वेगळा करणाऱ्या भागाचा, तोल साधताना रेडिओकडून आलेला आवाज परत ट्रान्समीटरकडे कमीत कमी गळेल असे पाहावे, नाहीतर मैदानातील माणसाने बटण सोडताना होणारी खरखर व्हॉक्सला उठवते. हा तोल त्या विशिष्ट लाइनपुरताच असतो. गेल्या पावसाळ्यात आमचा एमडीएफ, म्हणजे टेलिफोनच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती मुख्य फ्रेम, दुसऱ्या खोलीत हलला, केबल बदलली, आणि व्हॉक्स पुन्हा खरखरीवर उठू लागला. या वेळी मी कोडांना हात न लावता आधी तोल पुन्हा साधला, आणि मग दहा कॉल लावून दहाही वेळा आधी फोन खाली ठेवायला लावला.