गेमिंग पीसी जोडायचा की तयार घ्यायचा? आधी कागदावर उघडून बघा

"मावशी, जोडून घेऊ की तयार घेऊ?" भाच्याचा प्रश्न एवढाच होता. मी हो-नाही काही न म्हणता त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. पोटापाण्यासाठी मी हिशेब लिहिते, त्यामुळे दोन रकाने पाडल्याशिवाय मला काही ठरल्यासारखंच वाटत नाही. आजवर चार पीसी मी स्वतः जोडलेत आणि दोन तयार घेतलेत. त्यातल्या एकाचा पस्तावा अजून आहे, त्याचं पुढे सांगते.

रकाने पाडण्याआधी कागदाच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहा: कोणते गेम खेळणार आणि कोणत्या मॉनिटरवर. १०८०पी मॉनिटरवर साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख आणि ४केवर ८३ लाख. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, ग्राफिक्स कार्डाला तेवढे ठिपके रंगवायचे असतात. हात आखडता असेल तर १०८०पी धरा आणि वरच्या पायरीकडे बघूच नका. गेमचंही तसंच. स्पर्धेत खेळायचे हलके शूटर गेम प्रोसेसरला पळवतात, मोठ्या खुल्या जगाचे देखणे गेम कार्डाला घाम फोडतात. हे न ठरवता दुकानात गेलात तर दुकानदार ठरवेल.

आता डावा रकाना. पसंत पडलेल्या तयार पीसीचा एकेक भाग एकाखाली एक लिहा: प्रोसेसर, कूलर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (गेम आणि फायली साठवायची जागा), पॉवर सप्लाय (ज्याला निम्मे लोक अजून एसएमपीएसच म्हणतात), कॅबिनेट आणि शेवटी विंडोज. नुसतं '१६ जीबी रॅम' लिहून भागणार नाही. मॉडेल हवं, स्पीड हवा, पट्ट्या एक की दोन तेही हवं. जिथे विकणारा ते सांगत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. माझा नियम सरळ आहे: तीन प्रश्नचिन्हं झाली की लेखी विचारायचं, आणि उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर तो पीसी कागदावरून खोडायचा. चांगला माल आत असेल तर विकणारा त्याचं नाव लपवत नाही, उलट मिरवतो.

लपवाछपवी बहुतेक ठरलेल्या जागीच होते. पहिली जागा म्हणजे रॅम. १६ जीबीची एकच पट्टी लावली की आकडा खरा ठरतो, पण प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली अर्धी वाट बंद राहते. ८-८च्या दोन पट्ट्या असत्या तर दोन्ही वाटा, म्हणजे चॅनल, चालले असते. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक जाणवतो. वेगळं कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल, तर फारच जाणवतो, कारण ते ग्राफिक्स रॅमलाच आपली मेमरी म्हणून वापरतं.

दुसरी जागा कार्डाचं नाव. आरटीएक्स ३०५० हे एकच नाव घेऊन दोन वेगळी कार्डं बाजारात आली. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (हिशेब करणारे छोटे घटक) आणि १२८ बिटचा मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट) आहे. ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा. म्हणजे फरक फक्त मेमरीचा नाही, आतली चिपच छाटलेली आहे. जाहिरातीत मात्र दोन्ही ठिकाणी ठसठशीत अक्षरांत 'आरटीएक्स ३०५०' एवढंच. कार्डाच्या नावापुढे जीबी लिहिले नसतील तर तेही प्रश्नचिन्हच समजा.

तिसरी जागा पॉवर सप्लाय, आणि माझा पस्तावा तिथलाच. एक तयार पीसी मी मोठ्या कंपनीचा घेतला होता. दोन वर्षांनी मोठं कार्ड घालू म्हणून बाजूचं पॅनल काढलं. सप्लाय कमी पडतोय हे दिसलंच, तर म्हटलं तेवढा बदलू. सप्लाय बाहेर काढून बघते तर मदरबोर्डकडे जाणारा प्लग नेहमीचा २४ पिनांचा नव्हताच, त्या कंपनीचा स्वतःचा होता. बरं, मदरबोर्डही बदलू म्हटलं, तर कॅबिनेटमधली स्क्रूची भोकं नेहमीच्या बोर्डाशी जुळेनात आणि पॉवर बटणाची वायरही निराळी. शेवटी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तेवढी वाचली, बाकी सगळं अडगळीत. तेव्हापासून तयार पीसी घेताना मी एकच प्रश्न आधी विचारते: बोर्ड आणि सप्लाय साध्या एटीएक्स मापाचे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या मापाचे, आहेत का? जाता जाता, सप्लायवरचं '८० प्लस' हे वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे. सप्लाय किती दणकट आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून बॅजवर विसंबू नका. नेमकं मॉडेल लिहून घ्या आणि त्याची वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा.

उजव्या रकान्यात तुम्ही जोडणार असलेला पीसी. मॉनिटर-कीबोर्ड सोडून एकूण पैशांचे शंभर हिस्से धरले तर मी चाळीसच्या आसपास कार्डाला देते, अठरा-वीस प्रोसेसरला, आणि उरलेल्यात बाकीचा संसार. कॅबिनेट आणि रंगीत दिवे सगळ्यात शेवटी. तयार पीसीत हा काटा अनेकदा उलटा झुकलेला असतो: दर्शनी पट्टीवर भारी प्रोसेसरचं नाव आणि आत मरतुकडं कार्ड. गेमसाठी त्यापेक्षा सहा कोअरचा साधा प्रोसेसर आणि बरं कार्ड कधीही चांगलं. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं की पडदा काळा. तरी कार्ड घेणारच असाल तर एफ घेऊन चार पैसे वाचवायला हरकत नाही.

दोन्ही रकान्यांची बेरीज करा. तयार पीसीत जे भाग आहेत तेच सुटे घेतले तर किती पडतील, तेही बाजूला मांडा. जो फरक येईल, ती विकणाऱ्याची जोडण्याची मजुरी, एकाच ठिकाणची वॉरंटी आणि बहुतेक वेळा विंडोजचं लायसन्स. विंडोज आपण विसरतो आणि मग 'जोडला की स्वस्तच पडतो' असं छातीठोकपणे सांगत फिरतो.

हा फरक कायमचा नसतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा सल्ला आज चालवू नका. २०२१ साली कार्डांची इतकी टंचाई होती की काही तयार पीसी आतल्या कार्डाच्या चढ्या भावाच्या जवळपास मिळत होते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी जुन्या भावाने भरलेला माल ज्याच्याकडे पडून आहे, त्याचा तयार पीसी स्वस्त पडू शकतो. भाव ज्या आठवड्यात घेणार त्याच आठवड्यातले लिहा.

जोडण्याच्या बाजूला एक खर्च कुठल्याच बिलात नसतो: बिघाड शोधणं. पहिला पीसी जोडला तेव्हा बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, डिस्प्ले नाही. चार तास सगळं उघडून पुन्हा लावलं. कारण काय, तर रॅमची एक बाजू खाचेत पुरती बसलीच नव्हती. पट्टी दाबताना 'टक्' असा आवाज यायला हवा, आणि तेवढा जोर द्यायला नवख्याचा हात धजत नाही. हे निदान सोपं होतं. रॅम खराब की बोर्ड खराब असा पेच पडला तर बदलून बघायला घरात दुसरी पट्टी नसते, आणि प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या दारात. जवळ पीसीतलं कळणारा कुणी ओळखीचा नसेल आणि पीसी सोमवारी कामालाही लागणार असेल, तर थोडे जास्त देऊन तयार घ्या. त्यात कमीपणा कसला?

जोडायचंच ठरलं तर माझी पद्धत सांगते. कॅबिनेट बाजूलाच ठेवा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम लावा आणि तिथेच एकदा डिस्प्ले येतो का बघा. प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो अलगद बसतो, दाबायचा नसतो. कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर काढा. हसू नका, तो तसाच ठेवून 'फार तापतो' म्हणणारे मी पाहिलेत. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. सुट्या केबलचा (केबल काढता-लावता येणारा) सप्लाय घेतलात तर दुसऱ्या सप्लायची केबल त्याला कधीच लावू नका. प्लग तंतोतंत बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. माझी एक एसएसडी अशीच क्षणात गेली.

विंडोज चढवण्याआधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू करा. नाहीतर ३२००ची म्हणून घेतलेली रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६वरच रेंगाळत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

अगदीच थोडे पैसे असतील तर तिसरी वाट आहे: ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा आणि त्यात कार्ड टाकायचं. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि अशा डेस्कटॉपच्या सप्लायला बहुधा कार्डासाठी वेगळी वायर नसते. वर ज्याला मी नावं ठेवली ते ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० इथे कामाला येतं: ७० वॅटमध्ये भागतं, बुटक्या कॅबिनेटसाठी त्याची आखूड उंचीची मॉडेलंही आहेत. फक्त प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत आहे ना, हे तपासा. इंटेलची यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

भाच्याच्या कागदावर फरक इतका कमी निघाला की तो थोडा हिरमुसलाच. त्याला स्क्रू फिरवायचे होते. तयार पीसी आला. सील काढलं तरी वॉरंटी राहते हे आधीच विचारून घेतलेलं, त्यामुळे पहिल्याच दिवशी पॅनल उघडून आतले भाग कागदाशी ताडून पाहिले. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत ते दिसतं. तिथे दोन दिसल्या. तासभर भारी गेम चालवून तापमान पाहिलं, तेही ठीक. परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करायचं असतं. तरीही गेम अडखळत होता. मागे जाऊन बघते तर पठ्ठ्याने मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावली होती. ती काढून खाली कार्डात खुपसली आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) १४४ केलं.